होडीला पाणी पाजायचं राहिलं

सांदविकमध्ये कोणाच्या छपरावर गवतासकट मातीचा थर चढवायला कोण आलं होतं, कोण नुसताच केक घेऊन आलं होतं आणि कोण दुकानातला केक आणून 'घरचा' म्हणून खपवत होतं, हे गुन्वोरला तीस वर्षांमागचंही तोंडपाठ होतं. त्यासाठी वही ठेवायची गरज तिला कधी पडली नाही. माणूस समोर आला की त्याचं पान आपोआप उघडायचं.

त्या शनिवारी मोटरबोटीत बसताना मुलाचं पान उघडलं होतं. ओद्वारच्या पानावर सगळ्यात ठळक नोंद नऊ वर्षांपूर्वीची होती: बापाची होडी देऊन टाकायला लावली.

"आई, तुझा चेहरा बघून हवामानवाल्यांनी वादळाचा इशारा द्यायला हवा," सुकाणूची दांडी धरून ओद्वार म्हणाला.

"मी एक शब्द तरी बोलले का?"

"म्हणून तर घाबरलोय."

त्याची बायको माइकेन थर्मासमधून कॉफी ओतत हसली. तिनेच ही सहल काढली होती. दरवर्षी तेवीस जूनला सांदविकच्याच किनाऱ्यावर शेकोटी पेटायची, तेच सॉसेज, तीच माणसं, तोच दोघा शेजाऱ्यांचा कुंपणावरून वाद. यंदा बदल म्हणून पर्यटकांसाठी जुन्या काळासारखं उभारलेल्या हेस्तनेसच्या व्हायकिंग गावाला जाऊ या, असं तिच्या मनात आलं. तिथे लांबघर आहे, लोहारशाळा आहे, संध्याकाळी काहीतरी मोठा कार्यक्रम असतो.

गुन्वोर नाहीच म्हणाली होती. पण नऊ वर्षांची नात तिरिल म्हणाली, "आजी, आजोबांची होडी तिथंच आहे ना? मला तू कधी दाखवलीच नाहीस." त्यावर गुन्वोर डबा भरायला उठली. सांदविकहून हेस्तनेस बोटीने पंचवीस मिनिटं. नऊ वर्षांत ती एकदाही गेली नव्हती. कोणी विचारलं तर सांगायची, "तिथं पर्यटकांची गर्दी असते." खरं कारण असं की नवरा, आनफिन, गेल्यावर त्या होडीकडे तिला बघवत नव्हतं. पण हे सांगायचं म्हणजे स्वतःचं पान उघडणं, आणि ते ती सहसा उघडत नसे.

होडी साधीच. चार वल्ह्यांची, त्या बाजूला सगळे फेरिंग म्हणतात तशी. आनफिनच्या बापाने १९५७ साली बोटघरात बांधलेली. पाइनच्या फळ्या, एकीची कड दुसरीवर चढवून खिळ्यांनी जखडलेल्या. तिने गवत वाहिलं, मेंढ्या वाहिल्या, एकदा दारू प्यालेला पाद्री वाहिला. एका मार्चमध्ये कळा देणाऱ्या गुन्वोरला घेऊन ती सुईणीकडे निघाली होती, आणि ओद्वार तिच्यातच जन्मायचा थोडक्यात राहिला.

"आणि अशा होडीला तू म्हणालास, देऊन टाकू," गुन्वोर एकदम बोलली. गप्प बसायचा निश्चय नऊच मिनिटं टिकला.

"आई, मी शहरात. दरवर्षी डांबर कोण लावणार होतं? बोटघरात कुजली असती. तिथं हजारो लोक बघतात तिला."

"हजारो लोक मलाही बघतील, काचेत ठेवलीस तर."

"कल्पना वाईट नाही," ओद्वार म्हणाला. माइकेनने त्याला कोपराने ढोसलं.

हेस्तनेसच्या धक्क्यावर एका मुलीने चौघांच्या मनगटाला कागदी पट्ट्या बांधल्या. त्यावर लिहिलं होतं: 'स्वतंत्र योद्धा'.

"मी कशाला योद्धा? मी बटाटे लावते," गुन्वोर म्हणाली.

"इथे सगळेच योद्धे असतात," मुलगी गोड हसली.

"मग जेवायला काय घालता?"

तिरिलने आजीचा हात ओढला. गाव तसं नीटनेटकं होतं. गवती छपरांची सात-आठ घरं, मध्ये लांबघर, धुराचा वास, आणि लोकरीच्या डगल्यातले उन्हाळी व्हायकिंग. वॉफलच्या टपरीपाशी रांग लागली होती. गुन्वोरने येताना पावावर तपकिरी चीज लावून, मध्ये कागद घालून डबा भरून आणला होता, त्यामुळे टपरीकडे तिने बघितलंही नाही. ती सरळ लांबघराच्या दाराशी गेली. होडी तिथे उभी करतात, हे तिला गावच्या वर्तमानपत्रातल्या जुन्या फोटोवरून माहीत होतं.

तिथे दोन लाकडी टेकू होते. होडी नव्हती. पाटी मात्र होती. तिरिलने मोठ्याने वाचली:

"फेरिंग. नवव्या शतकातील अवशेषांवरून तज्ज्ञांनी केलेली हुबेहूब पुनर्बांधणी."

"तज्ज्ञ!" गुन्वोर म्हणाली. "आनफिनचा बाप कधी कुठले अवशेष बघायला गेला? त्यानं त्याच्या बापाची होडी बघून बांधली, त्यानं त्याच्या बापाची. आयुष्यात म्हातारा एकदाच बर्गेनला गेला, तोही दात काढायला."

"आई, लोक बघतायत."

"बघू देत. हजारोंनी बघावं म्हणूनच दिली होती ना? पण आहे कुठे ती?"

तेवढ्यात तिरिल दाराला लावलेल्या दुसऱ्या कागदापाशी गेली होती. "आजी, आज संध्याकाळी सहा वाजता सरदाराची अंत्ययात्रा. 'किनाऱ्यावर खरी होडी पेटवली जाईल.'" ती थांबली. "खरी म्हणजे कुठली?"

गुन्वोरने किनाऱ्याकडे पाहिलं. वाळूवर माणसाच्या उंचीएवढा फांद्यांचा ढीग रचला होता. त्यावर गवताने भरलेला, शिरस्त्राण घातलेला एक सरदार होडीत आडवा झोपला होता. होडीच्या नाळेवर, म्हणजे पुढच्या टोकावर, उजव्या बाजूला टवका उडालेला होता. एका धुक्यात आनफिनने ती टपालबोटीवर घातली होती आणि मग आठवडाभर टपालबोटीलाच शिव्या दिल्या होत्या, तेव्हाचा तो टवका. ढिगाशेजारी रॉकेलचे दोन डबे ठेवले होते.

सत्तरीच्या बाईने इतकं भरभर चालू नये, पण गुन्वोर चालली. मागून ओद्वार "आई, आई" करत आला, तिरिल पळत आली आणि सगळ्यात शेवटी कॉफीचा थर्मास घेऊन माइकेन.

ढिगापाशी एक पस्तिशीचा माणूस फांद्या नीट लावत होता. दाढीची वेणी, कमरेला चामड्याची पिशवी, पिशवीतून डोकावणारा मोबाइल.

"हे कोणाचं डोकं?" गुन्वोरने विचारलं.

"नमस्कार! मी सिंद्रे, गावाचा व्यवस्थापक. कार्यक्रम सहाला आहे, पण जागा आधी धरली तर..."

"होडी जाळायचं हे कोणाचं डोकं, ते विचारतेय. ही आनफिनची होडी आहे. मी दिली तुम्हाला. मी गुन्वोर, सांदविकची."

सिंद्रेचा चेहरा पडला, मग त्याने तो सावरला. माणूस वाईट नव्हता, हे गुन्वोरने त्याही क्षणी टिपून ठेवलं. आणि त्यामुळे तिचा राग अजूनच वाढला. वाईट माणसावर रागावणं सोपं असतं.

"गुन्वोर, मला खरंच वाईट वाटतं," तो म्हणाला. "पण होडी संपली होती. आम्ही तिची फार काळजी घेतली. मी आलो तेव्हा ती बाहेर उघड्यावर उभी होती. दोन वर्षांपूर्वी मीच ती आत नेली. लांबघरात, चुलीशेजारी."

"चुलीशेजारी."

"पावसानं खराब होऊ नये म्हणून."

"होडी," गुन्वोर म्हणाली. "पावसानं."

ओद्वारने डोळे मिटून घेतले. तो शहरात राहत असला तरी सांदविकचाच होता.

"आणि गेल्या आठवड्यात," सिंद्रे पुढे सांगू लागला, "म्हटलं, मुलांना वल्हवायला मिळेल, म्हणून पाण्यात सोडली. एकही सांधा गळायचा राहिला नाही. दहा मिनिटांत घोट्यापर्यंत पाणी. बुडायला लागली."

"मग?"

"मग काय, आम्ही आठ जण धावलो पाण्यात, कपड्यांसकट. कशीबशी बाहेर काढली."

आजूबाजूला आईस्क्रीम खाणारे चार लोक थांबले होते.

"बुडत होती म्हणून बाहेर काढलीस?"

"हो! थोडक्यात वाचली."

"अरे गाढवा," गुन्वोर ओरडली, "दोन दिवस बुडू दिली असतीस तर वाचली असती!"

सिंद्रेने ओद्वारकडे बघितलं, आईला काही औषधं वगैरे चालू आहेत का, अशा नजरेने.

"तिचं बरोबर आहे," ओद्वार म्हणाला. "वाळलेल्या होडीच्या फळ्या आकसतात. पाण्यात बुडवून ठेवायची, मग लाकूड फुगतं, सांधे मिटतात. बाबा दर मे महिन्यात बुडवायचे. दगड भरून, दोन दिवस."

"मुद्दाम बुडवायची?"

"पाणी पाजायचं तिला!" गुन्वोर म्हणाली. "नऊ वर्षं कोणी बुडवली नाही, पावसाचं मिळायचं तेही बंद केलं, वरून चुलीपाशी शेकत ठेवली, आणि मग म्हणता, गळते! तुला दोन वर्षं चुलीपाशी वाळवला तर तू गळणार नाहीस?"

आईस्क्रीमवाल्यांपैकी कोणीतरी हसलं. सिंद्रेचे कान लाल झाले. तो आतल्या भागातला, जंगलाकडचा. हे त्याच्या बोलीवरून तिला आधीच कळलं होतं. तिकडे लाकूड पाण्यात सोडतात ते लाकूड कापायच्या गिरणीपर्यंत जायला.

"हे मला कसं कळणार होतं?" तो म्हणाला, आणि आता त्याचाही आवाज चढला. "आधीच्या व्यवस्थापकानं सांगितलं नाही. कागदपत्रात नाही. मी तुझं देणगीपत्र तीनदा वाचलंय, गुन्वोर. थांब."

तो कार्यालयाच्या खोपटात गेला आणि एक फाईल घेऊन आला. गुन्वोरने आपलं अक्षर ओळखलं. नऊ वर्षांपूर्वीचं, जरा ठाम होतं तेव्हा.

एक, होडी. दोन, वल्ही चार. तीन, वल्ह्यांच्या वाद्या आठ, त्यातल्या दोन नव्या. चार, दोरी बारा मीटर. पाच, पाणी उपसायचं लाकडी उपसणं. सहा, टवका आधीपासूनच आहे, तुमच्या माणसांकडून झालेला नाही.

खाली सही.

गुन्वोरने दोनदा वाचलं. वाद्या आठ. दोन नव्या. एवढं सगळं लिहिलं होतं तिने. जी गोष्ट लिहायची होती ती लिहिली नव्हती, कारण ती लिहायची असते हे तिच्या मनातही आलं नव्हतं. मोठ्या माणसाला घास चावून गिळ म्हणून कोणी लिहून देतं का? ओद्वार तेव्हा शेजारीच उभा होता. त्यालाही सुचलं नाही. सांदविकमधल्या कोणालाच सुचलं नसतं.

आणि नऊ वर्षांत एकदा, फक्त एकदा, पंचवीस मिनिटं बोटीत बसून ती आली असती, तर दारातूनच ओरडली असती.

तिने कागद परत दिला. एरवी तिचा राग समोरच्यावर संपायचा. आज अर्धा आत वळला, आणि त्याची तिला सवय नव्हती.

"सहाला किती वेळ आहे?" तिने विचारलं.

"साडेचार तास. पण गुन्वोर, तीनशे लोक येणार आहेत. कार्यक्रम ठरलाय. होडीशिवाय अंत्ययात्रा कशी करू?"

"सरदाराला चालत जाऊ दे," गुन्वोर म्हणाली आणि ढिगावर चढली.

वाळलेल्या फांद्या तिच्या पायाखाली कडाकड मोडल्या. तिने सरदाराला खांद्याला धरून उठवलं आणि खाली फेकलं. शिरस्त्राण गडगडत माइकेनच्या पायाशी गेलं. माइकेनने थर्मास तिरिलकडे दिला, बुटांसकट ढिगावर चढली आणि म्हणाली, "कुठून धरू?"

गुन्वोरला हे अनपेक्षित होतं. सुनेच्या पानावर आतापर्यंत फक्त बाजारचे केक होते.

"मागून. तळाला हात घाल. कडेला धरून ओढायची नाही, सांधे उकलतील. ओद्वार, तुला आमंत्रण पाठवू का?"

"गुन्वोर, उतर खाली, पडशील!" सिंद्रे ओरडत होता. तेवढ्यात लोहारशाळेतून एक आडदांड माणूस हात पुसत आला. विटोल्ड, पोलंडचा, सहा उन्हाळे इथे व्हायकिंग. त्याने सरळ नाळेखाली खांदा दिला.

"तू कोण?" गुन्वोरने वरून विचारलं.

"हिला डांबर लावतो मी. छपराचं उरतं ना, ते. दर वर्षी."

"कोणी सांगितलं होतं?"

"कोणी नाही. सुंदर आहे."

गुन्वोरने बोटाने फळीवर दाबलं. नख रुतलं नाही. आत लाकूड घट्ट होतं. इतकी वर्षं उघड्यावर राहूनही ती कुजली का नव्हती, ते आता तिला कळलं. "बघ, सिंद्रे," ती म्हणाली. "सहा उन्हाळे डांबर खाल्लं तिनं. पाणी तेवढं कोणी दिलं नाही."

चौघांनी होडी उतरवली. वाळूवरून पाण्यापर्यंत जाताना सिंद्रे शेजारून चालत होता, हात पुढे करत होता, मागे घेत होता. पाण्याच्या कडेला त्याने शेवटी एक फळी धरलीच. कारण माइकेनचा पाय घसरला होता आणि होडी त्या बाजूला कलली होती.

पाणी तिच्यात असं शिरलं, जसं काही ती तोंड उघडूनच बसली होती. सगळ्या सांध्यांतून बारीक धारा. तिरिलने दगड आणायला सुरुवात केली. गुन्वोर ते तळाला अलगद ठेवू लागली, फळीवर नाही, आडव्या वाशांवर. कंबरभर पाण्यात उभी राहून ती ओरडत होती, "तो नको, टोकदार आहे! गोल आण, गोल!"

किनाऱ्यावर गर्दी जमली होती. एका जर्मन गृहस्थाने टोपी काढून छातीशी धरली. त्याला वाटलं, अंत्ययात्रा सुरू झाली.

"मेली नाही ती!" तिरिल त्याच्याकडे बघून ओरडली. "पाणी पितेय!"

होडीच्या कडा पाण्याखाली गेल्या. नाळेचं टोक तेवढं वर राहिलं, टवक्यासकट. गुन्वोरने बारा मीटरची दोरी मागितली. दोरी सापडली. सहा कलमांतली निदान ती एक जागच्या जागी होती. तिने नाळ किनाऱ्यावरच्या खडकाला बांधली.

"आता हिला सोमवारपर्यंत कोणी हात लावायचा नाही," ती ओल्या कपड्यांनी बाहेर येत म्हणाली. "आणि बुडलेली होडी पेटत नाही, सिंद्रे. तुझे रॉकेलचे डबे घरी घेऊन जा."

सहा वाजता सरदार नुसत्याच फांद्यांवर जळला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. गुन्वोर खडकावर दोरीपाशी बसून तपकिरी चीजचा पाव खात होती. तिने मान वर केली नाही.

सोमवारी ओहोटीला ती तिरिलला घेऊन परत आली. ओद्वार सुट्टी काढून आला होता. का आलास, असं तिने विचारलं नाही. सिंद्रे गुडघ्यापर्यंत पाण्यात उभा होता, दगड आधीच काढून ठेवलेले.

"उपसणं कुठाय?" तिने विचारलं. "कलम पाच."

सिंद्रे खोकला. उपसणं वॉफलच्या टपरीवरून आलं. डब्यातून पीठ काढायला त्याचा चांगला उपयोग होत होता. गुन्वोरने त्याच्यावर फुंकर मारली तर पांढरा धुरळा उडाला.

"हे पिठासाठी नाही, हेही उघड आहे असं मला वाटलं होतं," ती म्हणाली.

सिंद्रेने उपसलं. सुरुवातीला पाणी अंगावर घेत, मग बरं जमायला लागलं. होडी हळूहळू वर आली, तळ सुटला, आणि ती एका बाजूला हलकेच झुलली. गुन्वोर आत बसली. सिंद्रेने मोबाइल काढून वेळ लावली.

दहा मिनिटं. पंधरा. वीस. तिने तळहात सांध्यांवरून फिरवला. नाळेपासून चौथ्या फळीला खिळ्यापाशी ओल होती, घाम आल्यासारखी.

"गळतेय का?" सिंद्रेने वाकून विचारलं.

"तो सांधा माझ्या लग्नाआधीपासून गळतो. आनफिन दर वर्षी म्हणायचा, यंदा बघतो." तिने तळहात तिथेच ठेवला. बराच वेळ ठेवला.

मग ती म्हणाली, "कागद आण. तोच, माझा."

फाईल आली. वल्ह्याच्या पात्यावर ठेवून गुन्वोरने सातवं कलम लिहिलं: दर मे महिन्यात दगड भरून दोन दिवस बुडवणे. दगड गोल.

"कोण बुडवणार?" सिंद्रेने विचारलं.

"तू. मी खडकावर बसून ओरडणार."

आठवं: डांबर विटोल्डने लावणे. नववं: पाटी बदलणे. नववं शतक नव्हे, १९५७. तज्ज्ञ नव्हे, आनफिनचे वडील.

"अजून काही उघड गोष्ट?" सिंद्रे म्हणाला. या वेळी त्याने टोमणा मारला नव्हता. त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं.

गुन्वोर विचार करू लागली, आणि जसजसा विचार केला तसतसा तिला नव्याने राग यायला लागला. इतक्या गोष्टी होत्या. कागद पलटावा लागला. मागची बाजू भरत आली. तिरिल तिच्या खांद्यावरून वाचत होती.

"आजी, हे सगळं तुला कोणी सांगितलं होतं?"

"कोणी नाही," गुन्वोर म्हणाली. पेन थांबलं. मग तिने उरलेल्या जागेत शेवटचं कलम लिहिलं, आणि खाली दोन रेघा इतक्या दाबून ओढल्या की कागद फाटता फाटता राहिला:

पावसात राहू द्यावी.